सिंगिडातील शाळेसाठी लेस्टरमध्ये संस्था नोंदवताना

टांझानियाच्या मध्यभागातील सिंगिडा हा कोरडवाहू प्रांत आहे. सूर्यफूल, ज्वारी, बाजरी आणि जमेल तिथे मका ही तिथली पिके. दार-ए-सलामला नोकरीत असताना तेथील एका गावाशी माझा संबंध आला, आणि पुढे लेस्टरला स्थायिक झाल्यावर येथील काही मराठी कुटुंबांना सोबत घेऊन त्या गावाच्या माध्यमिक शाळेला नियमित मदत करावी, असे ठरले. मदत पाठवणे हे काम सोपे वाटते; ती कायद्याच्या चौकटीत बसवून पाठवणे हे मात्र स्वतंत्र प्रकरण आहे.

इंग्लंडमध्ये पाच हजार पौंडांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या संस्थेवर चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे आपल्याकडील धर्मादाय आयुक्तांसारख्या यंत्रणेकडे, नोंदणी करण्याची सक्ती नसते. तरीही आम्ही ‘चॅरिटेबल इनकॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन’ हा प्रकार निवडला, कारण त्यात संस्थेला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व मिळते आणि तिच्या देण्यांचा बोजा सहसा विश्वस्तांच्या घरादारावर येत नाही. या प्रकारात उत्पन्न कितीही असले तरी नोंदणी अनिवार्य असते, आणि ती होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने संस्था जन्मलेलीच नसल्यामुळे तिच्या नावाने बँकेत खातेही उघडता येत नाही.

अर्जासोबत लागणाऱ्या घटनेचा नमुना कमिशनच पुरवते, त्यामुळे तो भाग लवकर उरकला. खरा वेळ गेला तो उद्देशाच्या कलमावर. ‘गरजू मुलांना मदत’ एवढे लिहून भागत नाही. २०११ च्या कायद्याने मान्य केलेल्या तेरा प्रकारच्या हेतूंपैकी एखाद्यात (आमच्या बाबतीत शिक्षणाचा प्रसार) ते बसावे लागते आणि लाभ ठरावीक ओळखीच्या घरांना नव्हे, तर समाजाला मिळेल हे दाखवावे लागते. पैसा परदेशात जाणार असेल, तर तो कोणाच्या हाती पडेल, खर्चाचा पुरावा कसा मिळेल आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोण घेईल, याचीही उत्तरे तयार ठेवावी लागतात.

या प्रश्नांमुळेच आम्हांला गावाकडे पुन्हा नीट चौकशी करावी लागली. टांझानियात सरकारी शाळांतील शुल्क २०१६ पासून चौथ्या फॉर्मपर्यंत, म्हणजे माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षापर्यंत, माफ आहे. मग पैसा लागतो कशाला, असे आमच्यातीलच एका विश्वस्ताने विचारले. त्याचे उत्तर मुख्याध्यापकांनी फार स्पष्ट दिले. गणवेश, वह्या आणि दुपारचे जेवण यांचा भार पालकांवरच राहतो. शाळा लांब असल्यामुळे काही मुली शाळेजवळ भाड्याच्या खोलीत एकट्या राहतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचे शिक्षण तिथेच तुटते. शिवाय शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते, तर पीक हाती येते मे-जूनमध्ये. म्हणजे खर्चाची वेळ येते तेव्हा घरातले धान्य आणि पैसा दोन्ही संपत आलेले असतात. म्हणून आम्ही मुलींच्या वसतिगृहाचा खर्च आणि सर्वांसाठी दुपारचे जेवण, एवढ्याच दोन गोष्टी अर्जात लिहिल्या. एका देणगीदाराने एक मूल ‘दत्तक’ घ्यावे, त्याचे फोटो आणि पत्रे यावीत, ही पद्धत लोकांना फार आवडते हे मला ठाऊक आहे. पण एकाच वर्गातील दोन मुलांपैकी एकालाच पालनकर्ता मिळावा, हे मला आजही पटत नाही.

नोंदणी झाल्यावर बँकेची पाळी आली. टांझानियाचे नाव वाचताच एका बँकेने कागदपत्रांच्या फेऱ्या सुरू केल्या आणि अखेर काहीही कारण न देता नकार कळवला. दुसरीकडे काम झाले. त्यानंतर महसूल खात्याकडे ‘गिफ्ट एड’साठी वेगळा अर्ज केला. त्यात करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला २५ पेन्स देते, मात्र त्यासाठी देणाऱ्याचे नाव, घरचा पत्ता आणि आपण पुरेसा कर भरतो हे निवेदन लागते. गणेशोत्सवात ठेवलेल्या आमच्या पेटीत ज्येष्ठ मंडळी गुप्तदान म्हणून नोट टाकत आणि फॉर्म पुढे केला की हात मागे घेत. ३० पौंडांपर्यंतच्या रोख देणग्यांसाठी फॉर्मविना दावा करण्याची सोय आहे हे कळल्यावर सुटका झाली. फक्त त्याच वर्षी फॉर्मसह आलेल्या देणग्यांवरही दावा करावा लागतो आणि फॉर्मविना केलेला दावा त्याच्या दहापटीपेक्षा जास्त चालत नाही.

टांझानियात आम्ही स्वतःचे कार्यालय काढले नाही. तेथे नोंदणी असलेल्या एका स्थानिक संस्थेशी लेखी करार केला, ज्यानुसार रक्कम वर्षातून दोनदा जाते: कापणीनंतर मका आणि घेवडा स्वस्त असताना धान्यखरेदीसाठी, आणि डिसेंबरमध्ये वसतिगृहासाठी. पावत्यांवर शाळेचा शिक्का आणि शाळा समितीची सही आल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. पहिल्या फॉर्ममधील मुलीला वसतिगृहात घेणे म्हणजे चार वर्षांचा शब्द देणे असल्यामुळे किती रक्कम राखीव ठेवावी, यावर विश्वस्तांचे अजून एकमत नाही: माझे मत पूर्ण वर्षाचा खर्च बाजूला ठेवावा असे आहे, तर दोघांना तेवढ्याच पैशांत आणखी काही मुली घेता येतील असे वाटते.