भाट्याच्या पाण्यातलं एक टोक

दोन आठवडे झाले, ग्राफवरचं ते एक टोक काही डोक्यातून जात नाही.

आम्ही रत्नागिरीतल्या एका कॉलेजात चांदीचे नॅनोकण एकेक करून मोजतो. 7 मायक्रॉनचा कार्बन तंतू (केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा) पाण्यात धरायचा, त्याला 0.6 व्होल्ट द्यायचे आणि वाट बघायची. कण वाहत येऊन तंतूवर आपटला की त्याच्या चांदीतले इलेक्ट्रॉन निघून जातात, करंट क्षणभर चढतो, उतरतो. त्या टोकाखालचं क्षेत्रफळ म्हणजे चार्ज. 40 नॅनोमीटरच्या कणाचा तो जेमतेम 314 फेम्टोकूलोम भरतो (कूलोम हे चार्जचं माप, फेम्टो म्हणजे त्याचा अतिसूक्ष्म अंश). कण दिसत नाही, पण त्याचा आकार कळतो.

तंतू काचेच्या नळीत बसवून, बर्नरवर ओढून, घासून गुळगुळीत करणं मी स्वतः करते. दहातले तीन धड निघतात. खरेदी समितीला मात्र वाटतं की बाजारात मिळतात तसे हे इलेक्ट्रोड दहा मिनिटांत बनत असावेत.

खरा शत्रू गोंगाट, म्हणजे आजूबाजूच्या विजेमुळे करंटमध्ये येणारी खोटी थरथर. आमच्याकडे जांभा, त्यात अर्थिंग धड लागत नाही. मीठ-कोळसा घालून खड्डा केला, मे महिन्यात रोज त्यात बादलीभर पाणी ओतलं. सेल, म्हणजे तंतू बुडवलेलं पाण्याचं भांडं, गोडेतेलाच्या चौकोनी डब्यात ठेवला, डबा अर्थला जोडला. पंखे बंद. घामाचा थेंब सेलमध्ये पडू नये म्हणून कपाळाला रुमाल.

त्या दिवशी भाट्याच्या खाडीचं पाणी गाळून त्यात आमचे कण घातले. खाऱ्या पाण्यात वेगळं मीठ घालावं लागत नाही, पण त्याच मिठाने कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा त्यांच्यावरचा चार्ज झाकला जातो आणि ते एकमेकांना चिकटतात. म्हणजे टोकं कमी येणार, पण मोठी.

वीस मिनिटांत लहान लहान तीन आली. मग लाइट गेली. इन्व्हर्टरने धरलं, आणि त्याच मिनिटाला एक उंच टोक आलं. क्षेत्रफळ 2.5 पिकोकूलोम, म्हणजे 2500 फेम्टोकूलोम. हिशेब केला तर बरोबर आठ कणांचा गठ्ठा! मी जवळजवळ ओरडलेच. शिपाई मामा दारातून म्हणाले, "काय गावलं काय, मॅडम?"

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग इन्व्हर्टरची शंका आली. दुसऱ्या दिवशी कण न घालता तेच पाणी ठेवलं आणि मामांकडून दहा वेळा मेन पाडून घेतला. दहाही वेळा करंट वर आणि खाली, दोन्हीकडे उडाला. माझं टोक फक्त वर गेलं होतं. सून सासरी वागते तसं सभ्यपणे, एकाच दिशेला. पण त्या दिवशी बॅटरी अर्धी उतरलेली होती आणि चाचणीच्या दिवशी भरलेली. एवढ्या फरकाने काय होतं ते मला माहीत नाही, आणि गाइडना हे पटवून देणं माझ्या जिवावर येतंय. त्यांना बरोबर आठ हा आकडा फार आवडलाय.

0 व्होल्टला चांदी झिजत नाही, म्हणून तिथेही मोजायला हवं होतं; तिथे टोक आलं असतं तर ते चांदीचं नाही हे कळलं असतं. ते मी त्या दिवशी केलं नाही. बाटलीतले कण आता तळाशी बसलेत. नवं पाणी आणायचं तर परवा पाऊस सुरू झाला आणि काजळी नदी गढूळ होऊन खाडीत उतरलीय. तेवढं मीठ आता नोव्हेंबरशिवाय परत यायचं नाही.