झोपेत खाणारी गाडी

डिसेंबरातली सकाळ. चावी फिरवली तर बॉनेटखालून नुसतंच 'टक्'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि गेलेच. शेजारचे काका कानटोपी घालून गॅलरीत उभे होते. म्हणाले, "थंडी आहे ना! निफाडचा पारा बघितलास का आज?" संकट कुठलंही असो, नाशिककर आधी निफाडचा पारा सांगतो.

काकांचं अगदीच चूक नव्हतं. थंडीत इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी आळसावलेली असते. पण पारा काही एकट्या आमच्या गाडीवर उतरला नव्हता. बिल्डिंगमधल्या बाकीच्या सगळ्या गाड्या निमूटपणे चालू होऊन कामाला गेल्या.

आमची गाडी 2006 ची. 2021 साली पंधरा वर्षं भरली, तेव्हा तिला आरटीओत नेऊन पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून आणलं. त्यामुळे ती दुखणाईत निघाली तर दोष आपल्याच हौसेचा, हे मला मान्य आहे. गल्लीतल्या वायरमनने बॅटरीला मीटर लावला आणि म्हणाला, "ताई, बसली ही. नवीन टाका." टाकली. आठ दिवस कौतुकात गेले. मध्ये गाडी चार दिवस उभी राहिली आणि पुन्हा 'टक्'. आता मात्र त्याने मान तिरकी केली. "मग गाडी करंट खातेय."

मला तो शब्दप्रयोग फार आवडला. गाडी बंद, दारं बंद, चावी आमच्या घरात खुंटीला, आणि ही तिकडे पार्किंगमध्ये अंधारात बसून खातेय. रात्री स्वयंपाकघरात लाडवाच्या डब्याचं झाकण वाजावं, तसं काहीतरी डोळ्यांपुढे आलं.

थोडं खाणं तिच्या हक्काचंच असतं. घड्याळ चालू राहायला हवं, रेडिओला स्टेशनं लक्षात ठेवायची असतात. त्याला वीस ते पन्नास मिलिअँपिअर पुरतात. आमची बॅटरी 35 अँपिअर-तासांची, म्हणजे पन्नासच्या हिशेबानेही ती रिकामी व्हायला महिना जावा. इथे चार दिवसांत तळ दिसत होता. कुणीतरी ताटावर ताटं वाढून घेत होतं.

रविवारी मी स्वतःच कंबर कसली. लेकीचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातला मल्टिमीटर माळ्यावरून काढला. टर्मिनल सोडवायला दहाचा पाना लागतो आणि तो कुठल्याही घरात वेळेवर सापडत नाही. आमचा अर्ध्या तासाने शिलाई मशिनच्या खणात मिळाला. तिथे तो का होता, याची चौकशी मी मुद्दामच केली नाही. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घातली, बॅटरीची मायनसची केबल काढली आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला. आता बॅटरीतून जे काही जाईल, ते मीटरमधून मोजून जाणार. दाराच्या चौकटीतलं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं, नाहीतर दार उघडं म्हणून आतला दिवा लागतो आणि तपास भलतीकडे जातो. या अवस्थेत सेल्फ अजिबात मारायचा नसतो. तो एका दमात शंभराच्या वर अँपिअर ओढतो, दहावाल्या मीटरचा तिथे काय पाड! एवढं सगळं होईपर्यंत नवरा चावी घेऊन खाली आला. "लावून बघू का एकदा?" त्याला चहा टाकायला वर पाठवलं.

मीटरवर आकडा स्थिरावला, 0.38 अँपिअर, म्हणजे 380 मिलिअँपिअर. दिवसाला नऊ अँपिअर-तास, दोन दिवसांत अर्धी बॅटरी फस्त.

पहिला संशय डॅशबोर्डवरच्या गणपतीवर. त्याच्यामागे लाल एलईडी आहे आणि तो रात्रंदिवस जळतो. वायर काढली तर 0.37. देवाची मनातल्या मनात माफी मागून ती पुन्हा जोडली. मग डिकीचा दिवा. झाकण लावल्यावर तो विझतो की नाही हे बाहेरून कसं कळणार? फोनवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. नंतर पाहिलं तर आत मिट्ट काळोख आणि पार्किंगमधल्या कुत्र्याचं भुंकणं. चालत्या गाडीत बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरला हात लावून पाहिला, कारण त्यातला डायोड गेला तर बंद गाडीतही तो कोमट राहतो, असं वायरमनने बजावलं होतं. (तो अजून त्याला डायनॅमोच म्हणतो.) बर्फासारखा गार.

मग फ्यूज. स्टिअरिंगखाली मान वाकडी करून एकेक उपटायचा, बाहेर येऊन आकडा बघायचा, पुन्हा बसवायचा. हॉर्न, 0.38. वायपर, 0.38. हेडलाइट, 0.38. कंटाळवाणं काम खरं, पण त्यात एक मजा आहे. शेंगा सोलताना येते तशी. पंधराचा निळा फ्यूज उपटला आणि बाहेर येऊन पाहिलं, तर 0.03.

तो म्युझिक सिस्टिमचा होता. सिस्टिम तर बंद होती, पडदा काळा. निळा फ्यूज परत बसवून दहा मिनिटांनी मी ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली हात घातला. तिथे गालिच्याला चिकटून अँप्लिफायर आहे, गाण्यांचा आवाज वाढवणारा अँप. मांजर नुकतंच उठून गेल्यावर उशी असते, तसा तो उबदार लागला.

वायरमनने सिस्टिम बाहेर ओढली. मागे काळ्या टेपची एक गाठ. ती सोडली तर आत पिवळी, लाल आणि निळी अशा तिन्ही वायरी एकत्र पिळलेल्या. पिवळी कायमच्या करंटची. लाल खरं तर चावीवर हवी. निळी अँपला उठवणारी, ती सिस्टिमकडून यायला हवी. इथे तिन्ही थेट बॅटरीवर. सिस्टिमचं बटण दाबून आपण गाणी बंद करायचो, अँपला ते कुणी सांगतच नव्हतं.

"हे कुणी करून घेतलं, ताई?"

मी. आठ वर्षांपूर्वी. लेकीचा गंगापूर रोडला क्लास असायचा आणि मी बाहेर गाडीत दीड तास बसायचे. चावी लावून गाणी ऐकली तर बॅटरी उतरेल, म्हणून बसवणाऱ्याला मीच सांगितलं होतं, की चावी नसतानाही वाजलं पाहिजे. तेव्हा गाडी रोज तासभर पळायची आणि रात्रीचं खाल्लेलं दिवसा भरून निघायचं, म्हणून काही कळलंच नाही. लेक बेंगळुरूला गेल्यापासून गाडी चार-चार दिवस जागची हलत नाही. अँप मात्र एवढी वर्षं रात्रभर जागाच.

वायरमनने तिन्ही वायरी वेगळ्या केल्या, आपापल्या जागी लावल्या आणि दोनशे रुपये घेतले. संध्याकाळी भाजी घेऊन परतले, पार्किंगमध्ये चावी काढली आणि गाणं दुसऱ्या कडव्यातच तुटलं. मी चावी पुन्हा एक घर फिरवली आणि उरलेलं ऐकून मगच वर गेले.