थोरियमचे मँटल: ९११ आणि ९६९ अखेर वेगळे झाले

गॅसबत्तीच्या मँटलमधल्या (ज्योतीभोवतीच्या, थोरियम असलेल्या जाळीतल्या) थोरियमचे गॅमा किरण मी मोजतो आहे. मागच्या नोंदीत जिथे गाडे रुतले होते, तिथून ते एकदाचे हलले आहे. थोरियमच्या क्षयातून तयार होणाऱ्या ॲक्टिनियम-२२८ ची ९११ आणि ९६९ केईव्हीची (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचे एकक; पुढचे असे सगळे आकडे त्यातच) शिखरे आजवर वर्णपटात, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याच्या आलेखात, एकाच बुटक्या टेकाडासारखी दिसत होती. आता त्यांच्यामधली खोबण स्पष्ट दिसते आणि दोन्हींचे क्षेत्रफळ स्वतंत्रपणे मोजता येते.

अडचण किरण टिपणाऱ्या क्रिस्टलची नव्हती. सीझियमच्या ६६२ वर सात टक्के विभेदन (शिखराची रुंदी त्याच्या ऊर्जेच्या सात टक्के) देणाऱ्या सोडियम आयोडाइडला ही जोडी जेमतेम का होईना, पण वेगळी करता यायलाच हवी. खरा त्रास तापमानाचा होता. रात्रभराच्या मोजणीत खोली थंड होत जाते, किरणांमुळे क्रिस्टलमध्ये उमटणारा प्रकाश आणि तो टिपून वाढवणाऱ्या फोटोमल्टिप्लायर नळीचे वर्धन दोन्ही सरकतात, आणि पहाटेपर्यंत थॅलियम-२०८ चे २६१४ चे शिखर संध्याकाळच्या जागेवर राहिलेले नसते. थर्माकोलच्या खोक्याने ही सरक मंदावली, थांबली मात्र नाही. अशा वेळी पोटॅशियम-४० च्या १४६० ला धरून वर्णपट जुळवावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. थोरियमसमोर तो कुचकामी आहे, कारण ॲक्टिनियम-२२८ ची स्वतःचीच एक रेषा १४५९ वर येऊन बसते.

उपाय निघाला तो मोजणीचे तुकडे पाडण्यातून. सलग एक वर्णपट साठवण्याऐवजी आता दर पाव तासाचा वेगळा वर्णपट साठवतो, प्रत्येक तुकडा खालच्या बाजूने शिसे-२१२ च्या २३८ ला आणि वरच्या बाजूने २६१४ ला जुळवतो, आणि मगच सगळ्यांची बेरीज करतो. २३८ वर नोंदींचा सुकाळ असतो. २६१४ वर त्या विरळ असल्याने तिथे शेजारच्या तुकड्यांची सरासरी घ्यावी लागते, पण नैसर्गिक पार्श्वभूमीत त्याच्या वर नाव घेण्याजोगे दुसरे शिखर नसल्यामुळे चुकीची रेषा पकडण्याची भीती उरत नाही. पहिली बेरीज पडद्यावर उमटली तेव्हा ती खोबण मी बराच वेळ नुसता पाहत बसलो होतो.

जाता जाता विक्रेत्यांविषयी: जुन्या साठ्यातले क्रिस्टल विकणारा सीझियमचा वर्णपट दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर क्रिस्टल ओल धरून पिवळा पडला आहे असे खुशाल समजावे.

हा सारा खटाटोप मँटलचे वय काढण्यासाठी आहे. वेल्सबाखच्या पद्धतीच्या मँटलमध्ये सुमारे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड असते. खनिजातून थोरियम वेगळे करताना थोरियम-२२८ सोबत येते, रेडियम-२२८ मात्र मागे राहते. ते ५.७५ वर्षांच्या अर्धायुष्याने पुन्हा साचू लागते, आणि दरम्यान १.९ वर्षांच्या अर्धायुष्याचे थोरियम-२२८ घटत जाते. ॲक्टिनियम-२२८ रेडियम-२२८ पासून, तर थॅलियम-२०८ थोरियम-२२८ च्या साखळीतून येते. म्हणून ९११ आणि थॅलियमच्या ५८३ यांच्या क्षेत्रफळांवरून रेडियम-२२८ च्या सक्रियतेचे थोरियम-२२८ च्या सक्रियतेशी गुणोत्तर काढले की शुद्धीकरणाला किती काळ लोटला, याचा अंदाज येतो. गोम अशी की हे गुणोत्तर शून्यापासून चढून सुमारे साडेचार वर्षांनी १ वर पोहोचते, आठव्या वर्षाच्या आसपास १.२ पर्यंत जाते आणि मग काही दशकांत पुन्हा १ कडे उतरते. म्हणजे माझ्या मँटलचे गुणोत्तर १ च्या जवळ आले, तर ते साडेचार वर्षांचे की पन्नास वर्षांचे, हे केवळ त्यावरून सांगता येणार नाही.

हे लिहितानाच आणखी एक शंका उभी राहिली. मँटलचे कापड सच्छिद्र असते आणि याच साखळीत मधे येणाऱ्या थोरॉन (रेडॉन-२२०) वायूचे अर्धायुष्य ५५.६ सेकंद, तेवढ्या वेळात थोडा वायू निसटला, तरी पुढचे शिसे-२१२ आणि थॅलियम-२०८ कमी भरतात आणि गुणोत्तर फुगते. मँटल ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे, तिच्यावर माझा आता भरवसा नाही. त्यामुळे पिशवीसकट मँटल लहानशा हवाबंद डब्यात ठेवून, शिसे-२१२ च्या १०.६ तासांच्या अर्धायुष्याच्या हिशेबाने तीन दिवस थांबून मगच नवी मोजणी सुरू करणार आहे.

तुलनेसाठी आधी थोरियमयुक्त काचेचे भिंग वापरायचे ठरवले होते, तो बेत बदलला. त्याऐवजी लाल टोकाचा, २ टक्के थोरियम ऑक्साइडचा वेल्डिंग इलेक्ट्रोड घेईन, कारण त्यात ऑक्साइडचे कण टंगस्टनमध्ये घट्ट अडकलेले असतात आणि थोरॉनला सहजासहजी बाहेर पडता येत नाही. टंगस्टन स्वतःच २३८ चा बराच भाग गिळेल, पण ९११ आणि ५८३ यांना तेवढी झळ लागत नाही. इलेक्ट्रोड घासायचा मात्र अजिबात नाही. ती धूळ श्वासात जाता कामा नये.