खट्

मैत्रिणीने तिच्या मामांवर चोवीस मिनिटांचा माहितीपट केला. मामांना लहानपणी पोलिओ झाला; आज ते तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात. फिल्म अंध प्रेक्षकांनाही दाखवायची होती, म्हणून ध्वनिवर्णन लिहायचं काम तिने माझ्याकडे दिलं. दोन संवादांच्या मधल्या जागेत एक आवाज पडद्यावर काय दिसतंय ते सांगत जातो, ते ध्वनिवर्णन. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम ४२मध्ये, त्याची तरतूद आहे. मी मात्र तोवर एकदाही ते मराठीत ऐकलं नव्हतं.

आधी डोळे मिटून फिल्म ऐकली. मग एकेक रिकामी जागा सेकंदांत मोजली. बहुतेक जागा चार-पाच सेकंदांच्या. माझ्या वाचायच्या वेगात तेवढ्यात आठ-दहा शब्द बसतात. शब्द कापता कापता आठवडा गेला.

पहिला खर्डा मी बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या एका अंध काकांना वाचून दाखवला. फिल्म बाजूला चालू होती. तिसऱ्याच वाक्याला त्यांनी थांबवलं. मी लिहिलं होतं, ‘मामा असहायपणे रस्त्याकडे बघतात.’

“अगं, असहायपणे म्हणजे काय करतात?”

मी फिल्म मागे घेऊन पुन्हा पाहिलं. मामा हातातला पाना फडक्याला पुसत होते आणि शाळा सुटलेली पोरं बघत होते. असहाय काहीच नव्हतं, तो शब्द माझ्या डोक्यातून आला होता. मला फार वाईट वाटलं. मामांना मी दोन वर्षं ओळखते. त्या रात्री बसून असे अकरा शब्द शोधून काढले: ‘कसाबसा’, ‘बिचारा’, ‘तरीही हसत’.

काकांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. “तो मधे मधे खट् आवाज येतो, तो कसला?” तो आवाज माझ्या कानावर कधी आलाच नव्हता, कारण मला दृश्य दिसत होतं. मामा पायाला कॅलिपर लावतात: दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या, मांडीला चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी सांधा. ते उभे राहून पाय सरळ करतात तेव्हा सांध्यावर लोखंडी कडी घसरते आणि गुडघा पक्का बसतो. बसताना ती कडी ते बोटांनी वर ओढतात. दिवसातून कितीतरी वेळा. सबंध फिल्मचा ठेका त्या आवाजात आहे, आणि वर्णनात त्याचा पत्ता नव्हता.

आवाज होण्याआधी जेमतेम तीन सेकंद मिळत होते. शेवटी बसलं ते असं: ‘मामा उठतात. कॅलिपरची कडी गुडघ्यावर सरकते.’ आणि लगेच, खट्. एकदा सांगितलं की पुरे, पुढे कान आपोआप ओळखतात.

पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये आढळला. मामांची पिढी आता मागे पडत चालली आहे, म्हणून ती कडी नीट सांगितली जावी असा माझा हट्ट होता.

रेकॉर्डिंग घरीच, गोधड्यांनी भरलेल्या कपाटासमोर केलं. पहिल्या खेळाला पंधरा-वीस अंध प्रेक्षक आले होते. फिल्म संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “कॅलिपर कुठल्या पायाला आहे?”

घरी येऊन फाइल उघडली आणि ‘कॅलिपरची’च्या आधी ‘उजव्या’ घातलं.