हिरड्यांची सफाई आणि ‘फिटनेस’ची चिठ्ठी

टाइप २ मधुमेह आहे आणि हिरड्यांतून रक्त येतंय, अशांसाठी लिहितोय. राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगतो.

तपासणी, एक्स-रे पटापट झाले. खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, माझी काही ठिकाणी ६ निघाली. डीप क्लीनिंग, म्हणजे हिरडीखालची सफाई, करायचं ठरलं.

आणि तिथेच गाडी अडली. दातांच्या दवाखान्यात म्हणाले, “फिजिशियनकडून फिटनेस आणा,” म्हणजे उपचार करायला हरकत नाही अशी चिठ्ठी. फिजिशियन म्हणाले, “एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी चाचणी) ९.१ आहे. आधी शुगर खाली आणा, मग सही करतो.” परत दातांकडे. “पत्राशिवाय हात लावता येणार नाही. तोवर हा अँटिबायोटिकचा कोर्स घ्या.” अहो, हिरड्यांत सूज आहे म्हणून शुगर हटत नाही आणि शुगर जास्त म्हणून हिरड्या भरत नाहीत, हे दोन्हीकडच्या भिंतींवरच्या तक्त्यांत छापलेलं आहे! काउंटरवरच्या बाई तर मी दिसलो की न विचारताच म्हणायच्या, “काका, तुमची फाइल होल्डवर आहे.”

शेवटी चिठ्ठी नीट वाचली. तिच्यावर फक्त ‘फिटनेस फॉर डेंटल प्रोसिजर’. फिजिशियनना वाटलं, दात काढायचेत, मोठी शस्त्रक्रिया आहे. मी दातांच्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं: जागा बधिर करून हिरडीखालची सफाई, एका वेळी एक बाजू, कुठलंही ऑपरेशन नाही. ते वाचल्यावर सही दोन मिनिटांत. चालू औषधं आणि त्या दिवशी शुगर किती असली तर चालेल, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

सकाळची वेळ मागा. नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच जा, उपाशीपोटी खुर्चीत शुगर उतरली तर पंचाईत.

आता तो कोर्स. अमॉक्सिसिलिन ५०० आणि मेट्रोनिडाझोल ४००. सफाई करणाऱ्या हिरड्यांच्या तज्ज्ञ बाईंनी तो सरळ खोडला. म्हणाल्या, किटणाखाली जंतूंचा चिकट थर असतो, तो खरवडून निघाल्याशिवाय गोळ्या आत पोचतच नाहीत. २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही सरसकट अँटिबायोटिक नको असंच आहे. मधुमेह्यांमध्ये नुसत्या सफाईनेच तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो, गोळ्या जोडून शुगरला फारसा जास्त फायदा दिसलेला नाही. पू, ताप, चेहऱ्याला सूज असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर देतील ते घ्यायचंच. आणि मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू अजिबात नाही. डॉक्सिसायक्लिन दिलं तर ते दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्यांबरोबर घ्यायचं नाही, भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही. मेडिकलवाला हे सांगत नाही, पट्टी मात्र चिठ्ठीशिवायही काढून देतो.

तीन महिन्यांनी माझा आकडा ८.६ आला. फिजिशियन म्हणाले, “पथ्य चांगलं पाळलंत.” पथ्य तेच होतं हो, डॉक्टर.