आरएक्सची फ्रेम: स्क्रू-ड्रायव्हर आत गेला

रविवारी रात्री पार्किंगमध्ये बसून आमच्या जुन्या यामाहा आरएक्स मोटरसायकलच्या फ्रेमच्या खालच्या डाव्या पाइपला सहज स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि त्याचं टोक आत गेलं. मागच्या वेळी मी ‘फ्रेम ठणठणीत, गंज वरवरचाच’ असं लिहिलं होतं. ते वाक्य खोडून टाका.

ब्लास्टिंगने, म्हणजे कणांचा मारा करून जुना रंग-गंज उडवण्याने, खरं तर खूश केलं होतं. हेडस्टॉकवर (हँडल बसतं ती फ्रेमची पुढची नळी, चासी नंबर तिथेच आहे) मी मारलेले टेपचे तीन थर रबाळ्याच्या शेडवाल्याने जपले, त्यामुळे चासी नंबरचा आकडा न् आकडा शाबूत आहे. आरटीओत पेन्सिलने छाप घेताना आठाचा तीन दिसला तर किती खेटे पडतात, हे आपल्यापैकी काहींना सांगायला नको. गाढवपणा माझाच झाला. प्राइमर घरी मारू म्हणालो, आणि टेम्पो विटाव्याला रेल्वे पुलाखालच्या पाण्यात अडकला. पावसाळ्यातलं नागडं लोखंड ते. घरी येईस्तोवर कडांवर पिवळी झाक. ब्लास्टिंग कराल तर दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर सोबत न्या आणि शेडमध्येच मारून घ्या. रेड ऑक्साइडचा डबा गेटच्या ग्रिलला ठेवा.

आता पाइप. हा गंज आतून आलाय. पाइपला आतून रंग नसतो, दमट हवेचं पाणी सुटतं आणि सगळ्यात खालच्या वळणावर, डबल स्टँडच्या पुढे, साचून राहतं. त्यात खाडीची हवा आणि बाबांनी मायेने घातलेली ताडपत्री, आठ वर्षं. बाहेरून कातडी चकचकीत, आत पापड. सेंटर पंचाने बोटभर अंतरावर ठोकत गेलो. चांगल्या जागी ठण्, वाईट जागी थप्. खडूने खुणा केल्या तर नऊ सेंटिमीटर थप्.

वागळे इस्टेटमधले वेल्डर मामा म्हणाले, “वरून पट्टी मारू साहेब, दहा वर्षं बघायला नको.” मामांचा हात सोन्याचा आहे, पण इथे नाही ऐकलं. पट्टीची कड पातळ पत्र्यावर येते. वेल्डिंगला भोक पडतं, नाही पडलं तरी पट्टीखाली पुन्हा गंज आहेच. म्हणून तेरा सेंटिमीटर कापून काढला, दोन्हीकडे चांगलं लोखंड लागेपर्यंत. कापलेल्या तोंडावर व्हर्नियर लावून पत्र्याची जाडी मोजली: दोन मिलिमीटर. तुकड्याच्या मधोमध ०.८. तुकडा वर्तमानपत्रावर आपटला तर मूठभर तांबडी भुकटी पडली. बाबा चष्मा लावून ती बघत राहिले. मग म्हणाले, “यावर तुला शाळेत सोडायचो मी.”

काप सरळ न घेता तिरका घेतलाय, म्हणजे वेल्डिंगची कडी एकाच रेषेत पाइपभोवती फिरत नाही. आतून स्लीव्ह, म्हणजे पाइपात घट्ट बसणारी नळी, दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर. पाइपला आठ मिलिमीटरची भोकं पाडून त्यांतून प्लग वेल्ड, म्हणजे भोक वेल्डने भरून पाइप आतल्या नळीला जोडायचा. कळंबोलीत सीमलेस (लांबीत जोड नसलेल्या) पाइपचा वीतभर तुकडा मागितला की दुकानदार आपल्याकडे भिकाऱ्यासारखं बघतो, पूर्ण लांबी घ्या म्हणतो. शेवटी भंगारातून मिळाला. एकाने प्लंबिंगचा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पाइप सुचवला. नको! जस्त जळून निघणारा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

खरा छळ अलाइनमेंटचा. फ्रेम जागच्या जागी धरून ठेवणारा साचा, म्हणजे जिग, नाही म्हणून रिकामं इंजिन केसिंगच बोल्टांनी आवळून ठेवलं, चिमटाही (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा) बसवला, मगच कापलं. आर्गन वेल्डिंगने टाके, म्हणजे तात्पुरते छोटे वेल्ड, मारले. गार झाल्यावर बोल्ट काढून पुन्हा घालून पाहिले. तीन बोल्ट नुसत्या बोटांनी गेले, चौथा अर्ध्या भोकावर अडला. दोन दिवस मी केसिंगला दोष देत होतो. मग लक्षात आलं, मामांनी चारही टाके एकाच बाजूने लागोपाठ मारले होते, वेल्ड आकसला आणि पाइप तिकडे ओढला गेला. दोन टाके ग्राइंडरने उडवले, समोरासमोर मारून घेतले, मध्ये चहा. चौथा बोल्ट बोटाने गेला. मी तो चार वेळा काढून घातला, उगाचच.

पूर्ण वेल्डिंग शनिवारी. मामांचा सिलिंडर संपलाय. बंद पाइप वेल्ड करताना आतली हवा तापून वितळलेला धातू बाहेर फेकते, म्हणून हवेसाठी एक बारीक भोक लागणारच. ते नंतर बुजवायचं ठरलं होतं. पण हे लिहितानाच वाटतंय, का बुजवायचं? खालच्या अंगाला, वेल्डपासून लांब ठेवलं तर पाणीही तिथूनच निथळेल आणि आत गंज रोखणारं वॅक्सही तिथूनच मारता येईल. पावडर कोटिंगच्या (भुकटीचा रंग भाजून पक्का करायच्या) भट्टीत वॅक्स टिकणार नाही, तेव्हा आधी भट्टी, मग वॅक्स. मामांना आज रात्रीच फोन करतो, नाहीतर शनिवारी सवयीने बुजवून टाकतील.