हीट पॅचमधली पूड कुंडीत घालावी का? उत्तर मिळायला तीन आठवडे लागले

कंबर धरली होती तेव्हा महिनाभर हीट पॅच, म्हणजे अंगाला चिकटवायच्या शेकाच्या पट्ट्या, वापरले. गार झालेले पॅच फेकवेनात. आतली काळी पूड लोखंडाची असते एवढं माहीत होतं, म्हणून ती कुंड्यांत घालायचं ठरवलं. पाकिटावर मात्र 'एकदाच वापरावा' एवढंच छापलेलं, घटकांचा पत्ता नाही.

हेल्पलाइनला फोन केला. पॅच कसा चिकटवायचा ते समजावून सांगितलं. पुन्हा केला, तर तक्रार नोंदवून घेतली. अहो, माझी तक्रार नव्हती, प्रश्न होता! ईमेलला उत्तर आलं, 'सूचनांप्रमाणे वापर करावा.' मी विचारत होते वापर झाल्यानंतरचं. अंगाला लावायच्या वस्तूत काय आहे हे विचारायला इतक्या खेपा का? शेवटी एकच ओळ लिहिली: 'यात मीठ आहे का? हो की नाही?' दुसऱ्याच दिवशी पूर्ण यादी आली. लोखंडाची भुकटी, पाणी, मीठ, सक्रिय कोळसा, व्हर्मिक्युलाइट (एक हलकं खनिज) आणि पाणी धरून ठेवणारं पॉलिमर. तुम्हीही लांबलचक पत्र लिहू नका, थेट एकच प्रश्न विचारा.

मीठ म्हटल्यावर कुंडीचा विचार संपला. लोखंड लवकर गंजून उष्णता निघावी म्हणून मीठ घातलेलं असतं. कुंडीच्या थोड्याशा मातीत ते साचतं, मुळांना पाणी ओढता येत नाही, पानांच्या कडा करपतात. आणि गंजातलं लोह झाडाला सहजी मिळतही नाही.

आधी सांगायला हवं होतं: पॅच फाडू नका. गार वाटलेला एक मी फाडला, गठ्ठा मोडला आणि पूड पुन्हा तापू लागली. आत न गंजलेलं लोखंड शिल्लक होतं, त्याला एकदम हवा मिळाली. पिशवीचं कापड हवा बेताने आत सोडतं, म्हणूनच पॅच तासन्‌तास सोसवेल इतका गरम राहतो. तरी झोपताना लावू नका, ४४ अंशांवरही काही तासांत त्वचा भाजते. पूड मुलांच्या किंवा कुत्र्या-मांजरांच्या तोंडात गेली तर थांबून बघू नका, लगेच डॉक्टर गाठा.

पुन्हा वापरायचंच असेल तर आतली धातूची चकती दाबली की गरम होणाऱ्या, सोडियम ॲसिटेटच्या पिशव्या घ्या. उकळत्या पाण्यात ठेवून आतले खडे पूर्ण विरघळवले की त्या पुन्हा तयार होतात. मी आता त्याच वापरते.